हिरवी रेघ

उचगावात रशीद मिस्त्रींकडे जीप दुरुस्तीला न्यायची असेल तर घरून डबा घेऊन निघावं लागतं, कारण त्यांच्याकडे गाडी सोडून जाता येत नाही. गेल्या चाळीस वर्षांत हा नियम त्यांनी कुणासाठीही मोडलेला नाही. 'किल्ली ठेवतो, संध्याकाळी येतो' असं म्हणणाऱ्याच्या हातात ते किल्ली परत देतात आणि म्हणतात, "पावणं, पोराला दवाखान्यात ठेवून कुणी बाजाराला जातंय व्हय? बसा की हितं."

बसायचं ते चिंचेखाली. मोडीत निघालेल्या कुठल्याशा जीपचं मागचं लांब सीट तिथं विटांवर टेकवलेलं आहे. आम्ही त्याला बाकडं म्हणतो. रेक्झिन फाटलेलं, आतला काथ्या बाहेर आलेला, पण बसलं की उठवत नाही. त्या बाकड्यावर मी आयुष्यातल्या किती दुपारी घालवल्या ते देवालाच ठाऊक. समोर आपली गाडी उघडी पडलेली असते, मिस्त्री तिच्याखाली असतात, फक्त त्यांचे पाय दिसतात. चिंचेची बारीक पानं डब्यात, डोक्यात, चहात पडत राहतात. हळूहळू डोळे जड होतात. आपण झोपलोय की जागे आहोत, हातोडीचा ठोका बाहेर पडतोय की स्वप्नात, काही कळेनासं होतं. आणि नेमक्या त्याच वेळी मिस्त्री ओरडतात, "झोपू नगा! ऐका, काय म्हंतीया बगा!"

मी इरावती. जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. पन्हाळ्याच्या पलीकडच्या वाड्यावस्त्यांवर अडलेल्या म्हशी सोडवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि तिथं मला नेलं ते एका जीपनं. ती तेव्हा सरकारची होती. जुनी झाली म्हणून खात्यानं तिला लिलावात काढलं, तेव्हा ती मोडक्या कपाटांच्या आणि तीन पायांच्या खुर्च्यांच्या रांगेत उभी होती. मला ते बघवेना. मी बोली लावली. घरचे म्हणाले, "बंगला घ्यायचा सोडून हे कसलं भंगार आणलंस?" मी म्हटलं, "बंगला मसाईच्या पठारावर चढतो का?" तो विषय तिथंच संपला.

लिलावातनं आणलेली जीप मिस्त्रींनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. बोट वाकवून त्याच्या हाडानं बॉनेटवर दोनदा वाजवलं आणि डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "पत्रा जुना हाय, अस्सल. नव्या गाडीला अंगठा दाबला तर पत्रा आत जातोय. हिला दाबला तर अंगठाच आत जाईल."

त्यांचं खरं शिक्षण वडिलांच्या भात्यापाशी झालेलं. वडील गडहिंग्लजकडचे, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवणारे. तापलेली धाव लाकडी चाकावर चढवायची, पाणी मारायचं, आणि हातोडीनं वाजवून आवाजावरून सांगायचं, नीट बसली की नाही. ते कान मिस्त्रींनी घेतले. तरुणपणी कोल्हापुरात आले, उद्यमनगरात एका उस्तादाच्या हाताखाली राहिले, मग उचगावात स्वतःचं अंगण घेतलं. एक लांब स्क्रूड्रायव्हर त्यांच्याकडे कायम असायचा. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाशी धरायची, आणि माणसाची नाडी बघावी तसं गप्प उभं राहायचं. थोड्या वेळानं निदान. मी चाळीस वर्षं निदानं केली आहेत, माझी चुकली आहेत. मिस्त्रींचं चुकलेलं मी पाहिलं नव्हतं.

आणि त्यांची रेघ. कुठलाही नट आवळून झाला की ते शर्टाच्या खिशातून हिरव्या ऑइलपेंटची छोटी डबी काढतात. आत आखूड केसांचा ब्रश. नटावरून खाली लोखंडापर्यंत एक सरळ रेघ ओढतात. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते, दोन तुकडे एकमेकांकडे बघत नाहीत, आणि लांबूनच कळतं. पहिली डबी म्हणे दर्ग्याच्या दाराला लावून उरलेल्या रंगाची होती. पुढं तोच रंग राहिला. रस्त्यात दुसरी जुनी जीप दिसली की मी आधी तिच्या चाकाकडे बघते. मधल्या टोपीच्या, म्हणजे हबच्या, सहा नटांवर सहा हिरव्या रेघा दिसल्या की काच खाली करून हात करायचा. ओळख असो नसो, ते आपलंच माणूस. कृष्णात आणि यज्ञेश्वर सर, दोघंही मला असेच भेटले.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्या जीपमध्ये? उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात गळती, बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि डिझेल असं पिते की विचारू नका. सगळं खरं. पण एकदा मसाईच्या पठारावर धुक्यात एक गवा समोर आला आणि त्यानं शिंगानं पुढचा मडगार्ड आत दाबला. मी आत बसून होते. गवा थोडा वेळ बघत राहिला, मग निघून गेला. जीप एका किल्लीत सुरू झाली. मिस्त्रींनी तो मडगार्ड आतून ठोकून ठोकून एका दुपारीत सरळ केला. वरून लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, भरायला तयार झाले नाहीत. "भेग पडली तर दिसाय पायजे. वरनं लांबी भरून, रंग मारून लपीवलं की पत्रा आतनं कुजतोय." शिंगाचा एक ओरखडा त्यांनी मुद्दाम ठेवला. आजही आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली एक दुपार मला पक्की आठवते. मिस्त्री नमाज पढून थोडे लवंडले होते. उठले ते चहाचे दोन कप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. एरवी ते बाकड्यावर बसत नसत.

"डाक्टरीणबाई, सपान पडलं," ते म्हणाले.

"काय पाहिलंत?"

"मसाईचं पठार हुतं. धुकं. ती बारकी निळी फुलं न्हाईत का, त्यांचा नुसता गालिचा. आणि समदी जीपडी आलती. म्या हात लावलेली समदी. म्होरं तुमची, तिच्या मागं कृष्णातची, मग सरांची. कुणात मानूस न्हाय. आपली आपुन चाललीयात, एकीमागं एक. गवत वाकतंय, धूर निघतोय, चाकं फिरत्यात. पर आवाज न्हाय."

"म्हणजे?"

"आवाजच न्हाय. म्या हाक मारली तर माझी हाकबी मला ऐकू आली न्हाय."

"मग?"

"मग काय न्हाय. लई गार वाटत हुतं. बरं वाटत हुतं. आणि भ्याबी वाटत हुतं."

मी म्हटलं, "पोट साफ नसेल. रात्री हलकं जेवा." ते हसले आणि उठून गेले. पण ते स्वप्न माझ्या डोक्यातून गेलं नाही. पठारावर गेले की उतारावर मी इंजिन बंद करायची आणि जीप तशीच घरंगळू द्यायची. चाकांखाली गवत, बाजूनं ढग, आणि ती शांतता. मला वाटायचं, मिस्त्रींच्या स्वप्नात आपल्याला फुकटात फिरायला मिळतंय. ते मला काय सांगत होते, ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. चाळीस वर्षं मुक्या जनावरांच्या नुसत्या डोळ्यांवरून रोग ओळखले म्हणून मिरवणारी मी!

मग यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या जीपला आवाज लागला. पन्हाळ्याचा घाट उतरताना डावीकडून घूंऽऽ असा, भुंगा अडकल्यासारखा. वेग वाढला की वाढायचा. मी उचगावला नेली. मिस्त्रींनी एक चक्कर मारली, स्क्रूड्रायव्हर लावला. या वेळी मूठ कानाला न लावता त्यांनी ती दातांत धरली. मला वाटलं, वयाप्रमाणे काहीतरी खूळ घेतलंय.

"खालचा क्रॉस गेलाय," ते म्हणाले. क्रॉस म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचा सांधा. मला आश्चर्य वाटलं. क्रॉस गेला की टक् टक् वाजतो, घूं करत नाही, हे मी त्याच बाकड्यावर बसून शिकले होते. पण डॉक्टरला कोण शिकवणार? त्यांनी क्रॉस बदलला, रेघ ओढली, आणि आम्ही दोघं हायवेपर्यंत जाऊन आलो. भुंगा होताच.

"आवाज गेला न्हवं?" मिस्त्रींनी विचारलं. ते रस्त्याकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

त्या क्षणी मला कळलं. त्यांना ऐकू येत नव्हतं. पैलवानाला कुणी 'तुझे गुडघे गेले' म्हणतं का? मी म्हटलं, "गेला की! लोण्यावानी चालतेय."

त्यांनी परत विचारलं, "नक्की?"

"नक्की."

आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या एका चकचकीत गॅरेजमध्ये गुपचूप जीप नेली. तिथल्या तरुण मेकॅनिकनं दहा मिनिटांत सांगितलं, डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग. हबचे सहा नट खोलले, बेअरिंग बदललं, नट परत आवळले. चांगलं काम केलं, त्याला नावं ठेवणार नाही. मी एसीत बसले होते, समोर टीव्ही होता, आणि मला नवऱ्यापासून लपवून काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. त्यानंतरही ग्रीसला, ऑइलला, सगळ्याला मी मिस्त्रींकडेच जात राहिले. त्यांनी केलेलं चुकलं तर दुसरीकडे दुरुस्त करून घ्यायचं आणि त्यांच्यासमोर 'लोण्यावानी' म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला वाटत होतं, मी त्यांची अब्रू राखतेय.

गणपती होऊन गेल्यावर मी ग्रीस मारायला गेले. मिस्त्री डाव्या चाकापाशी उकिडवे बसले, फडक्यानं चिखल पुसला, आणि थांबले. हबच्या सहाही नटांवरच्या रेघा तुटल्या होत्या. अर्धी नटावर, अर्धी खाली, आणि मधे मोकळी जागा. त्यांनी एकेका नटावरून बोट फिरवलं.

"ह्ये कुणी खोललं?"

"पंक्चर झालं होतं," मी म्हटलं. तोंडात आलं ते बोलले.

"पंक्चरला भायेरचं नट खोलत्यात, हबचं ह्ये सहा खोलाय लागत न्हाईत, बाई," ते अगदी हळू म्हणाले. एवढं हळू बोलणारा माणूस मी कोल्हापुरात दुसरा पाहिलेला नाही. त्यांनी खिशातून हिरवी डबी काढली, झाकण उघडलं, परत लावलं आणि डबी खिशात ठेवली. माझी जीप त्यांच्या अंगणातून पहिल्यांदाच रेघेशिवाय बाहेर पडली. मी घरी गेले, पण जेवण गेलं नाही.

तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. मेहक बँकेत असते, मला मावशी म्हणते.

"मावशी, अब्बांनी काम बंद केलंय. अंगणाला कुलूप लावलंय. हत्यारं विकायला काढलीत. परवा भंगारवाला टेम्पो घेऊन येणार आहे."

"अगं पण का?"

"तुमच्या गाडीनंतर कृष्णातकाकांची आली. तिच्याही रेघा तुटलेल्या. मग यज्ञेश्वर सरांची. मग आणखी दोन. पाच गाड्या, मावशी. अब्बा म्हणाले, आपलीच माणसं चोरून दुसरीकडं जाऊन परत माझ्याकडं हसत येत असतील, तर आता हात थांबवायचे. आईनं समजावलं, मी समजावलं. कानाचं मशीन आणून दिलंय, तर ते वायसरच्या डबीत टाकून ठेवलंय. त्यात म्हणे इंजिन खरखरतंय नुसतं."

मी फोन ठेवला आणि लगेच कृष्णातला लावला. कृष्णात पन्हाळ्याच्या पायथ्याला गुऱ्हाळ चालवतो, आवाज असा की फोनची गरज नाही.

"कृष्णात, तू हायवेवरच्या गॅरेजला गेला होतास?"

त्याचा तो आवाज एकदम कुजबुजीवर आला.

"व्हय," तो म्हणाला. "ब्रेकाचा आवाज गेला नव्हता वो. मिस्त्रींना सांगाय जीभ उचलंना. मला वाटलं, मीच एकटा गेलतो."

"मलाही तसंच वाटत होतं."

"आता कळलं! त्यो पोरगा मला म्हनला, काका, हिरव्या रेघंवाल्या गाड्या हल्ली लई यायला लागल्यात, ही काय नवीन कंपनी हाय का?"

दुसरी वेळ असती तर मी पोट धरून हसले असते. पाच शहाणी माणसं. प्रत्येकाला वाटलं, मिस्त्रींची लाज मी एकट्यानं झाकलीय. आणि पाचजणांनी मिळून त्यांना उघड्यावर आणलं. जीपवरच्या आमच्या निष्ठेच्या गप्पा काय सांगाव्यात! वीस वर्षं तोच पत्रा, तीच गाडी, तोच मिस्त्री. आणि एक खरं वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा पाचही तोंडांना कुलूप.

परवा म्हणजे खंडेनवमी होती. दरवर्षी त्या दिवशी आम्ही आपापल्या जीप धुऊन मिस्त्रींच्या अंगणात नेतो. पोत्यावर त्यांची हत्यारं मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडू घालतो. मिस्त्री बाजूला हात बांधून उभे राहतात. त्या दिवशी पान्याला हात लावत नाहीत. "आज त्यांची रजा," म्हणतात. त्यांच्या घरातून खीर येते. यंदा कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, पण सकाळी नऊला पाचही जीप उचगावच्या त्या बोळात उभ्या होत्या. मेहकनं कुलूप काढलं.

हत्यारं चार पोत्यांत भरून दारापाशी ठेवली होती. मिस्त्री बाकड्यावर पाठमोरे बसले होते. आम्ही सरळ कामाला लागलो. पोती सोडली, पाने, हातोड्या, पकडी, तो लांब स्क्रूड्रायव्हर, सगळं एकेक करून मांडलं. सरांनी हळदकुंकू लावलं. कृष्णातनं पाटीभर झेंडू आणले होते, ते सगळे वाहिले. एवढ्यात टेम्पो आला. भंगारवाला उतरला, दोन पावलं आला, आणि त्यानं चपला काढल्या.

"आता ह्यास्नी कसा हात लावू वो?" तो म्हणाला. "पूजलेली हत्यारं आज गाडीत टाकून घरी गेलो तर आई भाकरी घालंल का मला? दसरा झाल्यावर येतो." खीर खाल्ली आणि गेला.

म्हणजे दोन दिवस मिळाले. पण मिस्त्रींनी मागं वळूनही पाहिलं नाही. दोन दिवसांनी टेम्पो परत येणार, चिंचेखालचं बाकडं रिकामं होणार, आणि आपण कुठल्यातरी एसीत टीव्ही बघत बसणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशी ओरडले.

"मिस्त्री, तुम्हाला ऐकू येत नाही!"

चिंचेवरचे कावळे उडाले. शेजारची बाई दारात आली. मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"ठावं हाय," ते म्हणाले.

"काय?"

"कान गेल्यात, ठावं हाय की मला. दोन वर्सं झाली. पैल्यांदा बारीक आवाज गेला, मग मोठा. दातांत मूठ धरली की हाडातनं जरा कळतंय, पर समदं न्हाय."

"मग सांगितलं का नाही आम्हाला?"

"म्या सांगू?" आता ते उभे राहिले. "बाकड्यावर कोण बसलतं? मी का तुमी? डाक्टरीणबाई, तुमास्नी म्या हितं इतकी वर्सं कशापायी बसीवलं? च्या प्यायला?"

सरांनी हळदकुंकवाची वाटी खाली ठेवली.

"माझ्या उस्तादाचं कान साठीला गेलं," मिस्त्री म्हणाले. "कुणी सांगितलं न्हाय त्याला. काम चुकायचं, गिऱ्हाईक गुमान दुसरीकडं जायाचं. समोर आलं की रामराम, उस्ताद, लई झ्याक झालं. त्यो मोकळ्या गॅरेजात बसायचा आन् मला इचारायचा, रशीद, मान्सं का यीनात रं? म्याबी सांगितलं न्हाय. भ्यालो. त्यो तसाच गेला. तवा ठरीवलं, माझ्याकडं गाडी सोडून कुणी जायाचं न्हाय. मालकानं बसायचं. ऐकायचं. शिकायचं. म्हंजे एक दिस माझं कान गेलं, तर त्यानं म्हनायचं, मिस्त्री, आवाज अजून येतोय."

ते माझ्याकडे वळले.

"दोनदा इचारलं तुमास्नी. आवाज गेला न्हवं? नक्की? तुमी म्हनला, लोण्यावानी. तुमी दुसरीकडं गेला त्याचं काय न्हाय वो. माझं काम चुकलं तर कुठंतरी जायालाच पायजे. पर येवढं एक वाक्य पायजे हुतं मला. अजून येतोय."

मला रडू आलं. राग मला लवकर येतो, रडू सहसा येत नाही. म्हशीच्या पोटातलं मेलेलं वासरू बाहेर काढताना आलेलं नाही. पण त्या बाकड्याच्या फाटक्या रेक्झिनकडे बघून आलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, तो त्या माणसाचा हट्ट आहे, शिस्त आहे, फार तर गप्पांची हौस आहे. तो माणूस आपल्या म्हातारपणाची सोय करत होता. आमच्या कानांत स्वतःचे कान ठेवत होता. आणि आम्ही चिंचेखाली पेंगत होतो.

"चुकलं आमचं," मी म्हटलं. हळूच म्हटलं, पण त्यांनी ओठांवरून वाचलं असणार. खिरीच्या वाट्या त्यांनी स्वतःच्या हातानं वाटल्या.

दसऱ्याला कृष्णात, सर, सगळेजण त्यांना आपट्याची पानं देऊन आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप घेऊन गेले. टेम्पोवाला आधीच आला होता आणि बाकड्यावर बसून चहा पीत होता. त्याच्या टेम्पोचं बॉनेट उघडं होतं. "आलोच हाय तर म्हनलं दाखवून जावं," तो मला म्हणाला. "तर मिस्त्री म्हनतात, बसा."

हत्यारं अजून पोत्यावरच मांडलेली होती, झेंडू सुकले होते. माझ्या जीपला एक नवा बारीक आवाज लागला होता, किर्र असा, गिअर बदलताना. खरं सांगायचं तर तो पूर्वीपासूनच असेल, मी ऐकत नव्हते. मिस्त्रींनी फुलं बाजूला सारून लांब स्क्रूड्रायव्हर उचलला आणि माझ्या हातात दिला.

"मूठ दातांत धरा. डोळं मिटा."

इंजिन चालू करून मिस्त्री आत गिअर बदलायला बसले. मी टोक टेकवलं, मूठ दातांत धरली, डोळे मिटले. एकदम सगळं इंजिन माझ्या कवटीत आलं. बाहेरचा बोळ, टेम्पो, कावळे, सगळं पुसलं गेलं. पठारावर धुकं उतरावं तसं झालं आणि त्या धुक्यातून एकेक चाक, एकेक दात फिरताना मला जणू दिसायला लागला. मिस्त्री गेली दोन वर्षं एकटे जिथं हिंडत होते, ती ही जागा. गार होतं. बरं वाटत होतं. भीतीही वाटत होती. आणि मग त्या सगळ्याच्या खाली, डावीकडे, किर्र.

मी बोट दाखवलं. मिस्त्री जीपखाली गेले. त्यांचे पाय तेवढे दिसत राहिले. अर्ध्या तासानं बाहेर आले, मला गिअर बदलायला लावला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"गेला?"

इतक्या दिवसांची सवय. 'गेला की' अगदी ओठांवर आलं होतं. मी डोळे मिटले, परत गिअर बदलला.

"नाही मिस्त्री," मी म्हटलं. "अजून येतोय."

त्यांचा चेहरा असा उजळला की टेम्पोवालाही चहाचा कप खाली ठेवून बघत राहिला. त्यांनी खिशातून हिरवी डबी काढून माझ्या हातावर ठेवली.

"रेघ शेवटी," ते म्हणाले. "तवर ही धरा." आणि पाना घेऊन परत जीपखाली गेले.

मी डबी घेऊन टेम्पोवाल्याच्या शेजारी बाकड्यावर बसले. त्या दिवशी मला झोप आली नाही.